अन्य-दोनचा रकाना

मी पोटासाठी काय करते, हे बडोद्यातल्या हरणी भागातल्या एका लग्नात मला चार जणांना सांगावं लागलं आणि चौघांनीही ऐकता ऐकता उंधियोच्या रांगेकडे पाहिलं. माझा नवरा यावर सोपं उत्तर देतो: "ती कॉम्प्युटरमध्ये आहे." जणू कोणी मला आत बसवून वरून झाकण लावलंय. खरं म्हणजे मी कॉम्प्युटरच्या बाहेरच असते आणि आत काय चाललं आहे ते बाहेरच्या माणसांना कळेल असं लिहून देते. कंपन्या सॉफ्टवेअर उत्साहाने तयार करतात. ते कसं वापरायचं हे लिहायची वेळ आली की तयार करणाऱ्यांना एकाएकी महत्त्वाच्या मीटिंगा आठवतात. तिथे मी लागते.

आमच्या घराला हे काम तसं नवं नाही. पणजोबा संस्थानच्या दफ्तरात होते. वरून एका ओळीचा हुकूम निघायचा आणि तो खालपर्यंत समजावा म्हणून पणजोबा चार पानं लिहायचे. चार पिढ्या बडोद्यात काढून आमच्यात बदल झाला तो एवढाच, की आता चार पानांचा गोंधळ एका ओळीत बसवून द्यायचा असतो.

ही हकिगत अशा एका ओळीचीच आहे. हालोल रस्त्यावर व्हॉल्व्ह तयार करणारी एक कंपनी आहे. तिला माल पुरवणारे लहानमोठे चारपाचशे कारखानदार. कोणी रंग देतो, कोणी नटबोल्ट, कोणी लाकडी खोकी. या सगळ्यांच्या नोंदी आजवर खरेदी खात्याच्या एका जुन्या यादीत होत्या. त्या आता कंपनीच्या इतर शहरांतल्या कारखान्यांनाही पाहता याव्यात म्हणून एक एपीआय तयार झाला होता. एपीआय म्हणजे कचेरीतली खिडकी समजा. आत जायला मनाई. ठरलेल्या नमुन्यात चिठ्ठी सरकवायची, ठरलेल्या नमुन्यात उत्तर बाहेर येतं. इथला कारकून जेवायला जात नाही, एवढाच फरक. पुरवठादाराचा क्रमांक आत सरकवला की अठरा रकान्यांची नोंद बाहेर यायची, आणि प्रत्येक रकान्याचा अर्थ एकेका ओळीत लिहिणं हे माझं काम होतं.

बहुतेक रकाने सरळ होते. नाव म्हणजे नाव, पत्ता म्हणजे पत्ता. दोन रकान्यांना मात्र मूळ यादीत मथळाच नव्हता. एक 'अन्य-१', त्यात फक्त हो किंवा नाही. दुसरा 'अन्य-२', त्यात शून्य ते पाच यांपैकी एक आकडा. सॉफ्टवेअर करणाऱ्या तुकडीचा प्रमुख तिशीतला गुजराती मुलगा होता, हुशार आणि कायम घाईत. त्याने मला सांगितलं की अन्य-१ म्हणजे पुरवठादार प्रमाणित आहे की नाही, आणि अन्य-२ म्हणजे मालाचा दर्जा. हे कोणी सांगितलं, असं विचारल्यावर तो म्हणाला की सांगायचं काय त्यात, शून्य ते पाच दुसरं काय असणार. अन्य-१ चा अर्थ मी मुकाट्याने लिहून टाकला. हे कबूल करायला आवडत नाही, पण टाकला.

अन्य-२ ची मात्र भरभराट झाली होती. पडद्यावर त्या आकड्याचे सोनेरी तारे झाले होते. वरच्या साहेबांना तारे इतके आवडले की त्यांनी त्याचं 'विश्वास निर्देशांक' असं बारसं केलं. सोमवारी मुंबईहून उपाध्यक्ष येऊन त्याचं उद्घाटन करणार होते. त्याच दिवसापासून कोणत्याही कारखान्याने पुरवठादार शोधला की तीन ताऱ्यांच्या खालचे यादीत दिसणारच नव्हते. त्यांना कोणी काढून टाकलेलं नव्हतं. ते फक्त दिसणार नव्हते. आणि या महिन्याची कंत्राटं त्याच यादीवरून निघायची होती.

माझी एक सवय आहे. उदाहरण म्हणून कागदावर जे द्यायचं ते आधी स्वतः करून बघायचं. म्हणून बुधवारी मी पाच ताऱ्यांचा एक पुरवठादार काढला आणि शून्याचा एक. पाच ताऱ्यांचा होता एक रंगवाला. त्याच्या सतराव्या रकान्यात, म्हणजे 'परत केलेला माल' या रकान्यात, इतक्या नोंदी होत्या की वाचायला पडदा खाली सरकवावा लागला. रंग निघाला, रंग फाटला, रंग दुसराच आला. शून्यवाली होती डभोईची, लाकडी खोकी करणारी एक बाई. तिचा सतरावा रकाना कोरा होता. अकरा वर्षं माल देऊनही एक खोकं परत गेलेलं नव्हतं.

आता अविश्वासाचं वर्षानुवर्षं शिक्षण घेतलेल्या माणसाला एवढं पुरतं. खरेदी खात्यात विचारलं तर कळलं की अन्य-१ आणि अन्य-२ भरणारा माणूस एकच, पूर्वी माल तपासायला जाणारे एक निवृत्त अधिकारी. मराठी गृहस्थ. राहायला समा भागात, म्हणजे माझ्याच सोसायटीच्या पलीकडच्या गल्लीत. कित्येकदा त्यांना सकाळी दुधाची पिशवी घेऊन जाताना पाहिलं होतं. जगातली बरीचशी रहस्यं अशी दुधाची पिशवी घेऊन जात असतात.

गुरुवारी सकाळी गेले तर काका ओसरीत बसून मऊभात खात होते. वडलांचं नाव सांगितल्यावर ओळख पटली आणि लगेच मला 'अगं' लागू झालं. मी यादीचा कागद पुढे केला. त्यांनी तो डोळ्यांपासून लांब धरून बघितला आणि आधी कानांपर्यंत लाल झाले, मग हसायला लागले.

"हे अजून आहे? अगं, ते माझं खासगी होतं."

त्यांनी सांगितलेली गोष्ट अशी. पोट त्यांचं पहिल्यापासून नाजूक. आणि या मुलखात माल तपासायला गेलेल्या माणसाला माल नंतर दाखवतात, आधी खायला घालतात. सकाळी एका ठिकाणी खमण, दुसऱ्या ठिकाणी फाफडा-जिलेबी, दुपारी तिसऱ्याकडे जेवण, आणि नको म्हटलं की यजमानाची आई बाहेर येऊन विचारते की आमच्या घरचं चालत नाही का. दोनदा त्यांना दवाखान्यात ठेवावं लागलं. तेव्हा डॉक्टरांनी बजावलं की दिवसाची आखणी करून जात जा. म्हणून त्यांनी मोकळा रकाना पाहून त्यात आकडे भरायला सुरुवात केली. आपल्यासाठी आणि आपल्यामागून येणाऱ्या तपासनिसासाठी. शून्य म्हणजे काही मिळत नाही. एक म्हणजे चहा. दोन, चहा आणि नाश्ता. तीन म्हणजे जेवण. चार म्हणजे जेवण आणि वर गोड, सुटका नाही.

"आणि पाच?" मी विचारलं.

"पाच म्हणजे जेवण, गोड आणि घरी न्यायला डबा. पाचवाल्याकडे जायचं असेल त्या दिवशी दुसरं काम ठेवायचं नाही."

मी त्यांना सोनेरी ताऱ्यांबद्दल सांगितलं. काकांनी चमचा भातात खोचून ठेवला. मग म्हणाले, "पस्तीस वर्षांत एक गोष्ट शिकलो. जिथे माल कच्चा, तिथे आग्रह पक्का." सरसकट तसं नसतं, हेही त्यांनी प्रामाणिकपणे सांगितलं. काही माणसं माल चांगला देऊनही जेवायला घालतात, त्यांना स्वभावाला औषध नसतं. पण रंगवाल्याबद्दल विचारलंस तर त्याच्याकडच्या श्रीखंडासारखं श्रीखंड उभ्या बडोद्यात नाही.

डभोईच्या बाईला शून्य का, तेही त्यांनी सांगितलं. पहिल्यांदा गेले तेव्हा तिने पाणीसुद्धा विचारलं नाही. एक खोकं समोर ढकललं आणि म्हणाली, "पहेला माल जुओ, पछी वात." आधी माल बघा, बोलणं नंतर. मग यांना त्या खोक्यावर उभं राहायला लावलं. नंतर तिच्या दोन कामगार बायकांनाही यांच्या शेजारी उभं केलं. खोकं हूं की चूं करीना.

"तिचा माल मी पुढे पुढे उघडूनही बघत नव्हतो," काका म्हणाले. "बघायचो ते फक्त कुत्रं बांधलंय का."

"कुत्रं?"

"अन्य-१. दारात कुत्रं आहे की नाही. दोनदा चावलंय मला."

म्हणजे मी माझ्या स्वच्छ भाषेत ज्यांना प्रमाणित ठरवलं होतं त्या सगळ्यांकडे कुत्रं होतं. घरी येऊन आधी ती ओळ खोडली.

तुकडीप्रमुखाला फोन करून हे सगळं सांगितलं. मग त्याने अडचण सांगितली. तारे उपाध्यक्षांच्या भाषणात होते, छापील पत्रकात होते, आणि प्रवेशद्वाराच्या फलकावर तर फुटाफुटाचे होते. आता मागे घ्यायचे तर कोणीतरी वर जाऊन सांगायला हवं, आणि वर जाणारा माणूस खाली येतोच असं नाही. त्याने माझ्याकडे एकच मागणं केलं, "मॅडम, त्या रकान्याचं थोडं गोल गोल लिहा ने. वाचतं कोण?"

यात तो चुकत नव्हता. मी लिहिलेलं कोणी वाचत नाही हे मला वीस वर्षांच्या अनुभवाने माहीत आहे. गोल गोल लिहिणंही अवघड नव्हतं. 'पुरवठादाराविषयीचा एक पूरक निर्देश' असं लिहिलं असतं तर ते खोटं ठरलं नसतं आणि खरंही. पुढचं काम मिळणं न मिळणं त्या मुलाच्या हातात होतं, आणि मुलगा वाईट नव्हता. मी म्हटलं, बघते.

बघायला मी शुक्रवारी डभोईला गेले. शून्य कसं दिसतं ते एकदा पाहावंसं वाटलं. किल्ल्याच्या दरवाजापासून थोडं पुढे, कापसाच्या वखारीला लागून पत्र्याची शेड होती. दारात प्रमाणपत्र झोपलेलं होतं. त्याने एक डोळा उघडून मला पाहिलं आणि मिटला. आत सातआठ बायका फळ्या कापत होत्या, ठोकत होत्या. मालकीण पन्नाशीची, पदर खोचलेला, तोंडात चार खिळे. मी 'केम छो' म्हटलं तर तिने खिळे न काढताच मान हलवली. कंपनीकडून आले म्हटल्यावर एक खोकं माझ्याकडे ढकललं. काकांनी सांगितलं होतं म्हणून मी आपणहून त्यावर उभी राहिले. तिला ते आवडलं असावं, कारण खिळे बाहेर आले.

पाणी तिने विचारलं नाही. पण तिच्याशी बोलताना समजलं की तिचा तीन चतुर्थांश माल याच कंपनीला जातो. नवरा गेल्यावर शेड तिने चालू ठेवली ती या एका गिऱ्हाइकावर. सोमवारपासून सगळं कॉम्प्युटरवर होणार हे तिच्या कानावर आलं होतं. तारे वगैरे तिला माहीत नव्हतं. तिने एवढंच विचारलं, "बेन, एमां मारूं नाम देखाशे ने?"

त्यात माझं नाव दिसेल ना. साधा प्रश्न होता, आणि खरं उत्तर मला माहीत होतं. मी म्हटलं, दिसायला हवं. तिने खिळे पुन्हा तोंडात घातले.

परतीच्या बसमध्ये मी ती ओळ लिहिली. मूळ इंग्रजीत आहे, अर्थ असा: 'अन्य-२: माल तपासण्यासाठी गेलेल्या माणसाला पुरवठादाराकडे मिळणाऱ्या खाण्यापिण्याचं प्रमाण. ० म्हणजे काही नाही, ५ म्हणजे जेवण, गोड आणि घरी न्यायला डबा. मालाच्या दर्जाशी संबंध नाही. त्यासाठी रकाना १७ पाहा.' शनिवारी कागद पाठवला. सोबत स्पष्ट लिहिलं की अन्य-२ चा रकाना गोल गोल नाही, तेवढा वाचून घ्या. पाच मिनिटांत उत्तर आलं: 'परफेक्ट, मॅडम.' पाच मिनिटांत माझा कागद वाचून होत नाही.

सोमवारचा समारंभ थाटाचा होता. लॅपटॉपला लाल फीत बांधलेली होती, त्यामुळे ती कापेपर्यंत तो उघडता येईना आणि तो सुरू व्हायला लागलेली मिनिटं टाळ्या वाजवून भरून काढावी लागली. मी मागून दुसऱ्या रांगेत होते. माझ्यामागे खरेदी खात्याची आणि गोदामाची मंडळी. उपाध्यक्ष उंचेपुरे, आवाज भारदस्त. विश्वास ही कशी मोजता येणारी गोष्ट आहे यावर ते बोलले. मग भिंतीएवढ्या पडद्यावर त्यांनी स्वतः रंगवाल्याची नोंद उघडली. पाच तारे झळकले.

ताऱ्यांशेजारी एक लहानसं प्रश्नचिन्ह होतं. त्यावर बाण नेला की त्या रकान्याची माहिती उघडायची. ती सोय तुकडीप्रमुखाने स्वतः हौसेने केली होती, आणि माहिती थेट माझ्या कागदातून उचलली जायची. हे तो विसरला होता. उपाध्यक्षांचा बाण हिंडत हिंडत तिथे गेला आणि माझी ओळ हातभर अक्षरांत भिंतीवर आली. आतापर्यंत पडद्यावर आलेलं सगळं ते मोठ्याने वाचत होते, तसंच त्यांनी तेही वाचायला घेतलं. त्याच भारदस्त आवाजात ते 'घरी न्यायला डबा' इथपर्यंत पोचले आणि मग थांबले.

हसू मागच्या रांगेत फुटलं. खरेदी खात्यातल्या लोकांनी रंगवाल्याचं श्रीखंड खाल्लेलं होतं. नंतर ते हसू रांगेरांगेने पुढे गेलं, साहेबांच्या रांगेपाशी जरा अडखळलं आणि तिथेही घुसलं.

उपाध्यक्षांनी हे कोणी लिहिलं असं विचारलं. तुकडीप्रमुखाने माझ्याकडे बोट केलं. त्याच्या जागी मीही तेच केलं असतं.

"हे खरं आहे?" त्यांनी विचारलं.

मी म्हटलं, "हो. दर्जा सतराव्या रकान्यात आहे. तो तिथे पहिल्यापासून आहे."

त्यांच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. त्यांनी सतरावा रकाना तिथल्या तिथे उघडायला लावला. ज्याचा माल सर्वांत कमी परत गेला तो सर्वांत वर, अशी यादी लावली तेव्हा पहिलं नाव डभोईचं आलं. तारे जेवणाआधीच काढले गेले, आणि तीनच्या खालचे लपवण्याची अटही त्यांच्याबरोबर गेली. प्रवेशद्वारावरचा फलक जड असल्यामुळे दोन दिवस राहिला. समारंभानंतर जेवणात तीन गोडं होती आणि आग्रह फार झाला. मी फक्त ताक घेतलं.

गोष्ट इथे संपायला हरकत नव्हती. डभोईचं कंत्राट झालं, आणि दुसऱ्या एका शहरातल्या कारखान्यानेही तिची खोकी मागवली. पण पुरवठादारांना आपली स्वतःची नोंद मोबाइलवर पाहता येईल अशी एक सोय त्याच दिवशी जाहीर झाली होती. डभोईच्या बाईच्या भाचीने ती तिला दाखवली, आणि शून्याचा अर्थ वाचूनही दाखवला.

मला फोन आला तेव्हा मला वाटलं आभाराचा असेल.

"बेन, हुं पाणीय नथी आपती?" ती म्हणाली. मी पाणीसुद्धा देत नाही, असं अख्ख्या कंपनीत लिहिलंत?

मी तिला समजावून पाहिलं की त्या शून्याला कोणी विचारत नाही, त्याच नोंदीमुळे तिचं नाव वर आहे. तिला ते पटलं नाही. शून्य तारे मिळाले असते तर ती त्यांच्याशी भांडली असती की नाही सांगता येत नाही, पण दारी आलेला माणूस उपाशी गेला हे चार शहरांत छापून आलेलं ती चालवून घेणार नव्हती. त्यात भाचीचं लग्न तोंडावर आलेलं. नोंद बदला, एवढंच तिचं म्हणणं. मी तिला सांगितलं की माझ्या हातात रकान्याचा अर्थ आहे, आकडा नाही. आकडा ज्यांनी घातला त्यांनी सांगितलं तरच तो बदलेल.

"तो एमने लई आवो," ती म्हणाली.

मग त्यांना घेऊन या. काकांनी आधी नाही म्हटलं, मग पोटाचं कारण सांगितलं, मग काकूंना विचारलं. काकू म्हणाल्या, तुम्हीच लिहिलंत, तुम्हीच निस्तरा. रविवारी आम्ही दोघं डभोईच्या बसमध्ये बसलो. काकांनी दोन गोळ्या आधीच घेतल्या होत्या.

शेडच्या दारात कुत्रं बांधलेलं होतं. आत जमीन झाडून पाणी शिंपडलं होतं आणि दोन खोकी उलटी घालून त्यांवर चादर अंथरून टेबल केलं होतं. काकांनी सवयीने एका नव्या खोक्याला हात घातला. तिने त्यांचा हात बाजूला केला.

"माल पछी. पहेला जमी लो."

माल नंतर, आधी जेवून घ्या. काका माझ्याकडे बघायला लागले. मी वखारीकडे बघितलं.

मग जे झालं ते काकांच्या प्रमाणात बसणारं नव्हतं. खिचडी-कढी झाली, भरेला रवैया म्हणजे भरली वांगी झाली, पुरणाची वेढमी झाली, तिच्यावर तूप झालं. काकांनी ताटावर आडवा हात धरला तर तिने बोटांच्या फटीतून वाढलं. शेवटी तिने एक स्टीलचा डबा काकांच्या पिशवीत आणि एक माझ्या पिशवीत घातला, सुखडीचा, म्हणजे आपल्या गूळपापडीचा. मग कुठे काकांना एका खोक्यावर उभं राहता आलं. जेवणानंतर त्यांचं वजन वाढलेलंच होतं. खोकं हूं की चूं करीना.

बसमध्ये ते बराच वेळ डोळे मिटून, डबा मांडीवर धरून बसले होते. झोपले असं मला वाटलं. समा यायला आलं तेव्हा त्यांनी डोळे उघडले.

"पाच लिही," ते म्हणाले. "आणि माझ्या जागी जो कोणी जातो त्याला सांग, आता यापुढे तिची खोकी उघडून बघत जा."